डायल बरोबर, प्लग घट्ट : एका डिप्लोमा अप्रेंटिसचे प्रकरण

चाकण औद्योगिक पट्ट्यात वाहनउद्योगाला सुटे भाग पुरवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. मार्च २०२३ मध्ये तेथून गेलेला पोलादी स्लीव्हचा (पोकळ नळकांड्यांचा) एक लॉट ग्राहकाने परत पाठवला. स्लीव्हचे बोअर (आतले गोल छिद्र) ६२ एच७ मापाचे होते, म्हणजे ते ६२.००० आणि ६२.०३० मिलिमीटर यांच्या दरम्यान असणे आवश्यक होते. कारखान्याच्या नोंदींप्रमाणे तपासलेला प्रत्येक नग या मर्यादेत होता. ग्राहकाकडे मात्र अनेक नगांत गो प्लग गेज (किमान मापाचा तपासणी दट्ट्या, जो योग्य छिद्रात गेलाच पाहिजे) शिरत नव्हता आणि हलक्या दाबाने बसायला हवे ते ६२०६ बेअरिंग तोंडाशीच अडत होते. ज्या सीएनसी (संगणक-नियंत्रित) लेथवर हे नग झाले त्यावर त्या आठवड्यांत कायम ऑपरेटर नव्हता, कंत्राटी कामगारही नव्हता. शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेऊन एक वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीवर आलेला, माण तालुक्यातील एक एकवीस वर्षांचा मुलगा होता. चौकशीच्या पहिल्या बैठकीत कारणाच्या रकान्यात एवढेच लिहिले गेले : "मशीनवर अप्रेंटिस होता."

हे कारण खोटे नव्हते, पण ते कारणही नव्हते. ते पुरेसे का वाटले आणि खरे कारण ज्या वहीत आधीपासून लिहिलेले होते ती वही कोणी का उघडली नाही, हा या प्रकरणाचा विषय आहे. कारखान्याचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. त्याची गरजही नाही, कारण ही मांडणी एखाद्याच कारखान्यापुरती नाही.

या मुलाचे कायदेशीर स्थान काय होते, हे आधी पाहिले पाहिजे. शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. पदवी आणि पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले ते १९७३ च्या दुरुस्तीने. कायद्याचे कलम १८ स्पष्ट सांगते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा यांतूनही तो वगळलेला आहे. मात्र आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांबाबतच्या कारखाना अधिनियमातील तरतुदी त्याला कामगाराप्रमाणेच लागू होत होत्या, आणि प्रशिक्षणादरम्यान इजा झाल्यास भरपाई देण्याची जबाबदारी मालकावर असते. म्हणजे यंत्रात हात सापडला तर तो कामगारासारखा, आणि पगाराचा प्रश्न आला तर विद्यार्थ्यासारखा. २०१९ च्या नियमांनुसार पदविकाधारकाचे किमान विद्यावेतन महिना ८,००० रुपये होते आणि नॅट्स, म्हणजे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेखाली त्यातील निम्मा वाटा केंद्र सरकार उचलत होते. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक असते. अडीच टक्के घेणे हे कायद्याचे पालन असते. पंधरा टक्क्यांकडे जाणे हा बहुतेक ठिकाणी हिशेबाचा भाग असतो, कारण एवढ्या पैशांत एवढा शिकलेला माणूस कोणताही ठेकेदार देऊ शकत नाही. अप्रेंटिसना हा हिशेब ठाऊक नसतो असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या महिन्याच्या शेवटी, कॉटचे भाडे आणि मेसचे पैसे देऊन झाल्यावर, तो प्रत्येकाला कळलेला असतो.

या मुलाचा प्रशिक्षण आराखडा कागदावर चांगला होता : स्टोअर, टूल रूम, मशीन शॉप, उष्णतोपचार, जुळणी, गुणवत्ता, देखभाल, प्रत्येक विभागात काही आठवडे. प्रत्यक्षात पहिल्या विभागांतील त्याचे दिवस कसे गेले हे त्याच्याच शब्दांत सांगायचे तर "सगळे चांगले वागायचे, पण काम कोणाकडेच नव्हते." स्टोअरमध्ये त्याने बिनकार्ड (मालाच्या साठ्याची कार्डे) भरली. गुणवत्ता विभागात त्याने एक्सेलमध्ये जुन्या रिजेक्शनच्या नोंदी चढवल्या आणि ५-एसच्या (कामाच्या जागेतील स्वच्छता-शिस्तीच्या) फलकावरची चित्रे बदलली. देखभाल विभागात ब्रेकडाउन आला की सगळे धावत आणि तो मागे उभा राही. पुढे गेला तर अडचण होई आणि मागे राहिला तर दिसत नसे. कोणी त्याला वाईट वागवत नव्हते. त्याचे नावही फारसे कोणी घेत नसे. शॉपमध्ये तो "डिप्लोमा" या नावाने ओळखला जाई. अप्रेंटिसचे हाल म्हटले की आपल्यासमोर झाडू मारायला लावलेला पोरगा येतो. या मुलाला झाडू कोणी दिला नाही. त्याला काहीच दिले नाही. आठ तास उभे राहून काम शोधणे हे काम करण्यापेक्षा अधिक थकवणारे असते, आणि घरी फोनवर "काय शिकलास?" या आईच्या प्रश्नाला उत्तर देणे त्याहून अवघड असते.

मशीन शॉपमध्ये आल्यावर हे बदलले. स्लीव्हच्या लाइनवरचा कायम ऑपरेटर दुसऱ्या लाइनला हलवला गेला होता आणि सेटर (मशीनची मापे जुळवून देणारा) दोन मशीन एकाच वेळी सांभाळत होता. सेटरने मुलाला लोडिंग, अनलोडिंग, इन्सर्ट (कापणारे पाते) बदलणे आणि ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देणे शिकवले. पंधरवड्यात त्याचा हात बसला. तिसऱ्या आठवड्यात सेटर त्याला एकट्याला सोडून दुसऱ्या मशीनवर जाऊ लागला. प्रशिक्षण आराखड्याप्रमाणे त्याने येथून पुढे उष्णतोपचार विभागात जायला हवे होते. तो गेला नाही, त्याला कोणी पाठवले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. चौकशीच्या अहवालात या गोष्टीला "उत्पादनाच्या निकडीमुळे फिरती लांबली" असे म्हटले आहे. मुलाचे म्हणणे यापेक्षा प्रामाणिक आहे : मशीनवर त्याला निदान जागा होती. फलकावर त्याच्या पाळीचा आकडा लिहिला जाई. सुपरवायझर साहेब सकाळी येताना त्याच्याकडे पाहून मान हलवत. स्टोअरमध्ये बिनकार्ड भरणाऱ्याला हे मिळत नाही. शोषण हा शब्द येथे सहज वापरता येईल आणि तो अगदी चूकही ठरणार नाही, पण त्याने एक गोष्ट झाकली जाते : ज्याच्याकडून फुकटात उत्पादन काढून घेतले जात होते, त्याला ती व्यवस्था तुटू नये असे मनापासून वाटत होते.

या मशीनवर शिकण्यासारखे जे होते ते त्याने तीन आठवड्यांत शिकले आणि उरलेले महिने तेच पुन्हा केले. तरीही तो एक गोष्ट स्वतःहून करत होता. नियमांप्रमाणे पदविकाधारक शिकाऊ उमेदवाराने केलेल्या कामाची दैनंदिन नोंद ठेवायची असते. कारखान्याने त्यासाठी छापील लॉगबुक दिले होते आणि ते तिमाही अहवालाच्या वेळी एकाच बैठकीत, आधीच्या तुकडीच्या लॉगबुकातून वाक्ये उतरवून भरले जाई : "सीएनसी मशीनच्या कार्यपद्धतीचे निरीक्षण केले." सही करणाऱ्यानेही ते कधी वाचले नव्हते. पण मुलाच्या खिशात एक छोटी वही होती. तंत्रनिकेतनात प्रात्यक्षिकाच्या वहीत निरीक्षण तक्ता काढायची सवय लागलेली असल्याने पाळी सुरू होताना तो पॅनेलवरचे आणि हायड्रॉलिक युनिटवरचे आकडे उतरवून ठेवी, आणि दर काही नगांनंतरचे डायल बोअर गेजचे (छिद्राचा व्यास दाखवणाऱ्या उपकरणाचे) वाचनही लिही. हे कोणासाठी नव्हते. "रिकाम्या वेळात काहीतरी लिहिलेले बरे वाटायचे," असे तो म्हणाला.

फेब्रुवारीच्या अखेरीस दुसऱ्या पाळीत फेसिंग (टोकाची बाजू सपाट कापणे) करताना एक नग चकमध्ये (नग पकडणाऱ्या जबड्यांत) सरकला आणि त्याच्या बाहेरच्या पृष्ठावर खोल व्रण उठला. सेटरने चक प्रेशर १२ बारवरून १८ बारवर नेले. नग सरकणे थांबले, उत्पादन सुरू राहिले. सेटिंग शीटवर हा बदल लिहिला गेला नाही, कारण त्या शीटवर चक प्रेशरचा रकानाच नव्हता. सेटरला दोष देणे सोपे आहे, पण त्याने जे केले ते दहापैकी नऊ सेटर करतील, आणि नग भरीव असता तर त्यात काही वावगेही नव्हते. हा नग मात्र ७२ मिलिमीटर बाह्य व्यासाचा आणि अवघ्या ५ मिलिमीटर भिंतीचा होता.

त्याच आठवड्यापासून मुलाच्या वहीत एक नवी ओळ दिसू लागते : "डायल ६२.०१५. गो प्लग घट्ट." डायल बोअर गेजने दर पाचवा नग तपासायचा आणि प्लग गेज फक्त पाळीच्या सुरुवातीला लावायचा, अशी पद्धत होती. त्याने सेटरला विचारले. सेटर म्हणाला, "बर असेल रे, कडेला पेपर मार." बर म्हणजे कापताना कडेला उरणारी धातूची धार. मुलाने एमरी पेपर मारला; प्लग तरीही घट्टच राहिला. त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले, तेव्हा सेटर दुसऱ्या मशीनवर गुंतलेला होता आणि त्याने लांबूनच डायल दाखवून सांगितले की डायल बरोबर आहे ना, मग चालू दे. त्यानंतर त्याने विचारले नाही, पण लिहिणे थांबवले नाही. सुपरवायझरकडे थेट का गेला नाही, या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर अहवालात नाही, म्हणून येथे नोंदवतो : सुपरवायझरकडे जाणे म्हणजे सेटरकाकांची तक्रार करणे झाले असते, आणि ज्या माणसाने त्याला मशीन दिले त्याचीच तक्रार करून तो पुन्हा एक्सेलच्या नोंदी करायला परतला असता.

लॉट परत आल्यावर गुणवत्ता विभागाचा पहिला तर्क असा होता की मुलाने गरम नग मोजले. हा तर्क मूर्खपणाचा नाही. पोलाद दर अंश सेल्सिअसला दर मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावते. ६२ मिलिमीटरचे बोअर गेजपेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर ते सुमारे सात मायक्रॉन मोठे दिसते आणि थंड झाल्यावर तेवढेच लहान होते. परंतु वाचने ६२.०१५ च्या आसपास होती. सात मायक्रॉन वजा केले तरी ६२.००८ उरतात आणि प्लग आरामात जायला हवा. हे गणित बैठकीत कोणी केले नाही. "अप्रेंटिसने गरम नग मोजला" हे वाक्य इतके ओळखीचे होते की ते तपासण्याची गरज कोणाला वाटली नाही. मनुष्यबळ विभागाची काळजी वेगळीच होती : प्रशिक्षणार्थी एकटा उत्पादन काढत होता हे कागदावर येऊ नये. म्हणजे एकाच खोलीत एका बाजूला त्याला जबाबदार धरायचे होते आणि दुसऱ्या बाजूला तो तेथे नव्हताच असे दाखवायचे होते.

कोंडी फोडली ती टूल रूममधील एका ज्येष्ठ मिस्त्रींनी, ज्यांना परत आलेले नग पाहायला बोलावले होते. त्यांनी मुलाला विचारले की तुला काही वेगळे दिसले होते का. मुलाने खिशातली वही काढली. मिस्त्रींनी प्रेशरच्या रकान्यावर बोट ठेवले, मग प्लगच्या ओळीवर, आणि तारखा जुळल्या. त्यांनी त्याला लगेच उत्तर सांगितले नाही. "मेट्रॉलॉजीत टेलरचे तत्त्व होते ना तुला?" असे विचारले. होते. विल्यम टेलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेले हे तत्त्व पदविकेच्या परीक्षेत हमखास येते : गो गेजने पूर्ण आकार एकदम तपासावा आणि नो-गोने (कमाल मापाच्या, आत जाता कामा नये अशा गेजने) प्रत्येक माप वेगळे तपासावे. मुलाने ते घडाघडा सांगितले. "मग डायल गेज काय तपासतो?" मुलगा थांबला. डायल गेज समोरासमोरची दोन टोके तपासतो. बोअर गोल नसेल तर?

तीन जबड्यांच्या चकमध्ये पातळ भिंतीचा नग घट्ट धरला की तो जबड्यांपाशी आत दबतो. त्या दबलेल्या अवस्थेत बोअर अगदी गोल कापले जाते. चक सोडला की दबलेला भाग बाहेर येतो आणि बोअरला तीन फुगे येतात. एका फुग्याच्या बरोबर समोर, म्हणजे १८० अंशांवर, एक आत आलेली जागा येते. एका बाजूला जेवढे जास्त तेवढेच दुसऱ्या बाजूला कमी, त्यामुळे दोन टोकांतले अंतर सगळीकडे सारखेच भरते. डायल कितीही फिरवला तरी तो ६२.०१५ दाखवणार. मिस्त्रींनी तीन टोकांचा बोअर मायक्रोमीटर आणला. एका स्थितीत त्याने ६१.९९५ दाखवले आणि साठ अंश फिरवल्यावर ६२.०३५. गो प्लगला उपलब्ध असलेली जागा ६१.९९५ ची होती, म्हणून तो शिरत नव्हता. मग १२ बारवर केलेला नग मोजला गेला. दोष त्यातही होता, पण प्लग जाण्याइतका, जेमतेम दीड-दोन मायक्रॉनची वाट ठेवणारा. म्हणजे ही प्रक्रिया आधीपासूनच काठावर चालत होती आणि १८ बारने तिला पलीकडे ढकलले.

तांत्रिक उपाय अवघड नव्हता. नगाच्या बाह्य व्यासाला बरोबर कापलेले, जवळजवळ पूर्ण परिघाला टेकणारे रुंद सॉफ्ट जॉ (चकचे मऊ जबडे) बसवले गेले, म्हणजे दाब तीन जागी न पडता पसरतो. रफिंग (सुरुवातीची जाड कापणी) जास्त प्रेशरवर आणि फिनिशिंग (शेवटची बारीक कापणी) कमी प्रेशरवर करण्याची सोय केली गेली. सेटिंग शीटवर चक प्रेशरचा रकाना आला आणि दर तासाला एका नगावर प्लग गेज लावणे सक्तीचे झाले.

प्रशिक्षणाच्या बाजूने काय झाले हे सांगायला थोडे अधिक थांबावे लागेल. मुलाच्या उमेदवारीच्या वर्षात अभियांत्रिकीचे शिक्षण म्हणावे असे जे घडले ते मुख्यतः त्या एका दुपारी घडले. परीक्षेत आकृतीसह लिहिलेले तत्त्व आणि हातातला घट्ट प्लग या दोन गोष्टी महिनाभर त्याच्याजवळच होत्या. त्या जोडल्या गेल्या नाहीत, कारण जोडण्यासाठी जो प्रश्न लागतो तो विचारणारे कोणी नव्हते. तो मंद नव्हता आणि निष्काळजीही नव्हता. शॉपमध्ये त्याच्याइतक्या नोंदी ठेवणारा दुसरा कोणी नव्हता. पण ज्याने त्याला शिकवायचे तो सेटर दोन मशीनच्या आकड्यांना बांधलेला होता, ज्याने लॉगबुक वाचायचे तो ते न वाचता सही करत होता, आणि प्रशिक्षण समन्वयकाकडे मनुष्यबळ विभागाची आणखी चार कामे होती. शिकाऊ उमेदवाराच्या प्रश्नाला उत्तर देणे हे कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हते. कामगाराचा प्रश्न युनियनपर्यंत जातो, विद्यार्थ्याचा शिक्षकापर्यंत; अप्रेंटिसचा प्रश्न त्याच्या खिशातल्या वहीत राहतो. कलम २० खाली करारातून उद्भवणारा वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो, हे खरे. पण "प्लग घट्ट का जातो?" हा वाद नसतो, आणि एक वर्षासाठी आलेला मुलगा मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाकडे तक्रार घेऊन जाईल ही अपेक्षाही व्यवहाराला धरून नाही.

अहवालाच्या अंतिम मसुद्यातून पहिल्या बैठकीतले कारण काढून टाकले गेले आणि "चक प्रेशरमधील अनोंदित बदल व दोन-बिंदू मापनाची मर्यादा" असे लिहिले गेले. मुलाच्या वहीचा उल्लेख "उपलब्ध नोंदी" असा झाला. त्याचे श्रेय त्याला मिळाले नाही, दोषही लागला नाही. सेटरने त्याला दुसऱ्या दिवशी चहाला नेले आणि या विषयावर एक अक्षर बोलला नाही. त्याच आठवड्यात मुलाला आराखड्याप्रमाणे उष्णतोपचार विभागात पाठवले गेले. त्याला ते शिक्षा वाटली. मला ते योग्य वाटते, पण त्याला तसे का वाटले हेही समजते.

वर्ष संपल्यावर त्याला प्रवीणतेचे प्रमाणपत्र मिळाले. कलम २२ प्रमाणे मालकावर नोकरी देण्याचे बंधन नाही; २०१४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक आस्थापनेने आपल्या शिकाऊ उमेदवारांच्या भरतीचे धोरण स्वतः ठरवायचे असते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीच्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे असे म्हटले होते. परंतु प्राधान्य जागा निघाली तर उपयोगी पडते. येथे जागा निघाली नाही. ठेकेदाराच्या नावावर, त्याच मशीनवर ऑपरेटर म्हणून राहण्याचा देकार त्याला तोंडी दिला गेला. घरी पैशांची गरज होती, त्यामुळे तो आठ दिवस विचारात होता. शेवटी त्याने पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला.

कारखान्याने छापील लॉगबुकात एक रकाना वाढवला आहे : "आज काय समजले नाही?" सुरुवातीला तो रिकामा राहत असे, नंतर अप्रेंटिस त्यातही एकमेकांची वाक्ये उतरवू लागले. सध्या तो भरला जातो तो एवढ्यासाठीच, की टूल रूममधील तेच मिस्त्री दर शुक्रवारी दुपारी सगळी लॉगबुके घेऊन बसतात आणि एकेकाला बोलावून विचारतात. हे काम त्यांच्याकडे कोणी सोपवलेले नाही. त्यांची निवृत्ती जवळ आली आहे आणि त्यांच्यानंतर शुक्रवारी कोणी बसायचे, हे अद्याप लेखी ठरलेले नाही.